थांबलेल्या गाडीत काटा चढतो, धावत्या गाडीत उतरतो : इंजिन तापण्याचे निदान कसे करावे?

संथवाहिनी

नमस्कार. माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन वाहतूक कोंडीत तापते आणि त्याचे निश्चित कारण अजून हाती लागलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. गाडी सुमारे दहा वर्षांची आहे आणि तिला विजेवर चालणारा एकच रेडिएटर पंखा आहे. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो. चढावरही तो हलत नाही. मात्र रांगेत थांबत-सरकत जावे लागले की थोड्याच वेळात काटा मध्याच्या वर जाऊ लागतो, आणि एसी चालू असेल तर तो अधिक लवकर चढतो. गाडीने पुन्हा वेग घेतला की तो हळूहळू पूर्ववत होतो. लाल पट्ट्यापर्यंत मी तो अद्याप जाऊ दिलेला नाही.

कूलंट बदलून झाले आहे आणि रेडिएटरचे झाकण नवे बसवले आहे. गळती कुठे दिसत नाही, टाकीतील पातळीही उतरत नाही. पंखा फिरतो, हे बॉनेट उघडून पाहिले आहे. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाका असा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही बदलावे लागतील असे सांगण्यात आले. मला खर्चापेक्षाही याची चिंता अधिक आहे की भाग बदलत गेल्यावर मूळ दोष तसाच राहील. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सारथी

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला चुकीचा वाटत नाही. जिथे थंडी फारशी पडत नाही तिथे इंजिन लवकर गरम व्हावे यासाठी वेगळी झडप कशाला हवी? ती नसेल तर कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत राहते. अनेक जुन्या गाड्या अशाच चालताना मी पाहिल्या आहेत. हा उपाय स्वस्त आहे आणि लगेच करता येतो.

यंत्रवेध

सारथी, आपल्या मताचा आदर राखून सांगतो की या सल्ल्याने पुष्कळ इंजिनांचे नुकसान झालेले आहे, त्यामुळे त्याबद्दल आधी लिहितो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो आणि त्यानंतर दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. तो पूर्ण उघडला की रेडिएटरकडे जाणारी वाट मोकळी होते, आणि अनेक इंजिनांत त्याच्या खालची दुसरी तबकडी त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून कूलंट थेट इंजिनात परत नेणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढून टाकला तर ही दुसरी वाट कायमची उघडी राहते. कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता गरमच्या गरम इंजिनात परत येतो, आणि ज्या कोंडीत मदत हवी असते तिथेच रेडिएटरचा मार्ग अपुरा पडतो. याच्या उलट मोकळ्या रस्त्यावर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही. मग ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) इंजिन थंड आहे असे समजून अधिक पेट्रोल देत राहतो, आणि ऑइलमध्ये साचलेली वाफ उडून जाण्याइतके ऑइलही गरम होत नाही. शिवाय संथवाहिनी यांच्या लक्षणात थर्मोस्टॅटवर संशय घेण्यासारखे काही दिसत नाही. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट भरधाव गाडीलाही तापवतो, किंबहुना अधिक तापवतो, कारण वेगात इंजिन जास्त उष्णता निर्माण करते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण दिलेल्या वर्णनात निदानाचा अर्धा भाग आलेलाच आहे. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपोआप जातो. थांबलेल्या गाडीत ते सगळे काम एकट्या पंख्यावर पडते. वेगात इंजिन कितीतरी अधिक उष्णता निर्माण करत असूनही आपली गाडी तेव्हा थंड राहते. याचा अर्थ रेडिएटरच्या आतील नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत, पंप कूलंट फिरवतो आहे आणि थर्मोस्टॅट उघडतो आहे. संशयाचे क्षेत्र त्यामुळे हवेच्या बाजूपुरते आक्रसते. पंखा, त्याची वीज, त्याभोवतीचे आवरण आणि हवा जिथून आत येते ती जाळी, एवढेच त्यात उरते.

थांबलेल्या गाडीत उष्णता कमी निर्माण होते हे खरे, पण ती क्षुल्लकही नसते. एसी चालू ठेवून उभी असलेली लहान गाडी तासाला साधारण एक लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सरासरी ९ किलोवॉट, आणि त्यातील साधारण एक तृतीयांश भाग कूलंटकडे जातो. हे झाले ३ किलोवॉट. त्यात रेडिएटरच्या पुढे बसवलेला एसीचा कंडेन्सर स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडतो, त्यामुळे रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. एसी लावल्यावर काटा लवकर चढतो त्याचे कारण हेच.

‘पंखा फिरतो’ या निरीक्षणावर मात्र थांबू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पंखा फिरणे आणि रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढली जाणे यांत मोठे अंतर असते, आणि माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे उत्तर बहुतेक वेळा त्याच अंतरात सापडते. एक साधी चाचणी सांगतो. इंजिन गरम असताना, पंखा चालू असताना, बाहेरच्या बाजूने पुढच्या जाळीसमोर साधा कागद धरावा. पंखा निरोगी असेल आणि वाट मोकळी असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. तो गळून पडत असेल किंवा एखाद्याच भागात चिकटत असेल, तर हवा कुठेतरी अडते आहे. हात पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवावा. अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही हा पंखा अचानक सुरू होतो.

निरीक्षक

यंत्रवेध यांच्या लिखाणात एक भर घालतो. डॅशबोर्डवरील काट्यावर निदान उभे करू नये. बहुतेक आधुनिक गाड्यांत हा काटा मुद्दाम ‘शांत’ ठेवलेला असतो. तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वरखाली झाले तरी तो मध्यावरच उभा राहतो, म्हणजे चालकाला विनाकारण काळजी वाटू नये. त्यामुळे तो मध्याच्या वर हलला याचा अर्थ तापमान खरोखरच बरेच वाढले आहे. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाशी जोडण्याच्या खाचेत) बसणारा लहान स्कॅनर घेऊन त्यावर कूलंटचे तापमान अंशांत पाहावे आणि पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात. गाडी धावताना किती, थांबल्यावर किती, पंखा किती अंशांवर सुरू होतो, सुरू झाल्यावर तापमान उतरते की चढतच राहते, आणि एसीमुळे किती फरक पडतो.

आणखी एक उपयुक्त चाचणी आहे. थांबलेल्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, तापमान चढलेले असताना इंजिनचा वेग मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर धरून पाहावा. तापमान स्पष्टपणे उतरले तर आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, पंपाचा प्रवाह कमी पडतो आहे, असा संशय घ्यावा. पंपाचे पाते झिजणे, ते दांड्यावर सैल होणे किंवा पट्टा घसरणे ही त्याची नेहमीची कारणे. तापमान उतरले नाही तर दोष हवेच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

वंगण

हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधील सीलचा) विचार कोणी अजून केलेला नाही, आणि तो वेळीच केला नाही तर पुढचे सगळे काम वाया जाते, म्हणून लिहितो. गॅस्केट किंचित गेलेले असेल तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरतो आणि त्याचे बुडबुडे वरच्या भागात साचतात. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून एका मिनिटाच्या आत वरचा होज (रेडिएटरला जोडलेली रबरी नळी) दाबून पाहावा. कूलंट अजून तापलेले नसतानाच तो दगडासारखा कडक झाला असेल, तर तो दाब उष्णतेचा नसून ज्वलनाचा आहे. टाकीत सतत येणारे बुडबुडे, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारा दुधट थर आणि इंजिन तापल्यानंतरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, ही इतर लक्षणे. झाकणाखालचा थोडासा दुधट थर मात्र थंड हवेत फक्त लहान अंतरे चालणाऱ्या गाडीतही दिसतो, त्यामुळे एकट्या त्यावरून निष्कर्ष काढू नये. पक्की खात्री हवी असेल तर निळे द्रव भरलेली तपासणी नळी रेडिएटरच्या तोंडावर किंवा टाकीवर लावतात. ज्वलनवायू असला की पेट्रोल गाडीत ते द्रव पिवळे होते.

आपल्या टाकीतील पातळी उतरत नाही आणि वेगात गाडी थंड राहते, त्यावरून मला गॅस्केट शाबूत वाटते. तरीही होजची तपासणी करावी, कारण तिला काहीही खर्च नाही.

संथवाहिनी

सर्वांचे मनापासून आभार. स्कॅनर मिळवून नोंदी घेतल्या, त्या इथे देत आहे. मोकळ्या रस्त्यावर तापमान ८८ ते ९१ अंश राहते. गाडी थांबवून, एसी बंद ठेवून पाहिले तेव्हा ते चढत गेले. पंखा ९७ अंशांवर सुरू झाला, परंतु तापमान उतरण्याऐवजी संथपणे १०४ पर्यंत गेले आणि तिथे रेंगाळले. एसी लावल्यावर ११० पार झाले, तेव्हा मी इंजिन बंद केले. मिनिटाला २००० फेऱ्यांवर धरूनही तापमान उतरले नाही. थंड इंजिनाचा होज मऊच राहिला, टाकीत बुडबुडे दिसले नाहीत आणि ऑइलच्या झाकणाखालचा भाग स्वच्छ आहे. कागदाची चाचणी केली. कागद जाळीच्या मधल्या भागाला जेमतेम चिकटतो आणि कडेला लगेच गळून पडतो.

यंत्रवेध

ही मांडणी अतिशय उपयोगी आहे. ९७ अंशांवर पंखा सुरू होतो, म्हणजे तापमानाचा सेन्सर आणि ईसीयू आपले काम करत आहेत. पंखा सुरू झाल्यावर निरोगी गाडीत तापमान एक-दोन मिनिटांत पाच-सहा अंश उतरते आणि पंखा बंद होतो. आपल्याकडे ते पुढे चढतच राहिले. कागदही कमकुवत चिकटतो. रेडिएटर किंवा पंप बदलण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

पुढची पायरी म्हणजे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. समोरून जाळीतून पाहिल्यास कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून लोक समाधान मानतात. खरा कचरा त्याच्या मागे, दोघांच्या मध्ये अडकलेला असतो. धूळ, किडे, गवताची तुसे आणि झाडांच्या बियांवरचा कापूस पुढच्या पट्ट्यांतून आरपार येतो आणि रेडिएटरवर थर धरतो. ऑइल किंवा एसीच्या तेलाचा अंश असेल तर तो थर चिकट बनून नमद्यासारखा बसतो. पंख्याची चौकट काढून, रेडिएटरचे वरचे पकड-बोल्ट सैल करून तो थोडा मागे झुकवावा म्हणजे फट दिसते. एसीच्या नळ्या अजिबात उघडायच्या नाहीत. पाणी मारताना ते इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा ज्या दिशेने येते तिच्या उलट, आणि अगदी कमी दाबाने मारावे. दाबाच्या पंपाने पातळ पट्ट्या क्षणात आडव्या होतात, आणि आडव्या झालेल्या पट्ट्यांमधून हवा जात नाही. कचरा काढण्याच्या नादात तेवढा भाग कायमचा बंद होतो.

त्याच वेळी रेडिएटरच्या कडेने बसवलेल्या फोमच्या पट्ट्या आणि बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे जागेवर आहेत का, तेही पाहावे. कोणी धडकेनंतर दुरुस्ती केली असेल तर हे भाग पुन्हा बसवले जात नाहीत, आणि त्यांचे महत्त्व फारसे कोणी ओळखत नाही. ते नसतील तर थांबलेल्या गाडीत पंख्याने मागे फेकलेली गरम हवा कडेने वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटरमधून फिरत राहते. वेगात समोरचा वारा हे होऊ देत नाही, त्यामुळे हा दोषही फक्त कोंडीतच दिसतो. पंख्याभोवतीचे गोल आवरण तडकलेले असेल तरी असाच परिणाम होतो.

मार्गस्थ

धाग्याच्या विषयाशी जवळचा एक प्रश्न आहे. माझ्या गाडीचे उलट आहे. कोंडीत ती थंड राहते, पण महामार्गावर लांब चढ आला की तापते. मीही फट साफ करून पाहावी का?

निरीक्षक

मार्गस्थ, फट साफ करण्यात तोटा नाही, परंतु आपले लक्षण कूलंटच्या बाजूकडे बोट दाखवते. वेगात हवा भरपूर असते, तरीही इंजिन तापते, म्हणजे बहुधा कूलंटचा प्रवाह अपुरा आहे. आतून क्षार साचलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप किंवा पंपाच्या ओढीने आत चिमटणारा खालचा होज, अशी कारणे तपासावीत. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान मोजले तर बंद पडलेल्या नळ्यांचे पट्टे थंड दिसतात. चकचकीत धातूवर हे उपकरण खोटे आकडे देते, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजावे.

संथवाहिनी

पंख्याची चौकट काढून पाहिले आणि यंत्रवेध यांनी लिहिले होते तेच समोर आले. रेडिएटरच्या खालच्या जवळजवळ अर्ध्या भागावर राखाडी, केसाळ थर होता. पुढून त्याचा काहीच अंदाज येत नव्हता. एका बाजूची फोमची पट्टीही निखळलेली सापडली. थर मऊ ब्रशने सैल करून साध्या पाण्याने धुतला आणि पट्टी नवी लावली.

फरक पडला, पण काम पूर्ण झालेले नाही. आता एसी बंद असताना तापमान १०१ वर थांबते आणि एसी लावल्यावर १०५. कागद जाळीच्या सगळ्या भागांना चिकटतो, मात्र पकड अजून सैलच वाटते. पंख्याचा आवाजही मला पूर्वीपेक्षा हळू वाटतो, परंतु तो माझा भास असू शकतो.

यंत्रवेध

आवाजावरचा तुमचा संशय खरा असावा, आणि तो मोजून ठरवता येतो. मल्टिमीटर घ्या. पंखा चालू असताना आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा, आणि मग पंख्याच्या मोटरच्या जोडावर, जोड लावलेला असतानाच, मागच्या बाजूने टोके घालून मोजा. निकामी तार किंवा रिलेचा (पंख्याची वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचचा) काळवंडलेला संपर्क भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणून जोड काढून मोजण्यात अर्थ नाही. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक असेल तर वीज व्यवस्थित पोहोचते आहे. मग पंखा तरीही संथ असेल तर मोटरचे कार्बन ब्रश किंवा बेअरिंग गेलेले आहे. फरक दीड-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल तर मोटरला हात लावू नका. मधल्या वाटेत वीज कुठे हरवते ते शोधा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे मोटरच्या ऋण तारेवर ठेवले की अर्थिंगचा, म्हणजे वीज चॅसिसमधून बॅटरीकडे परतण्याच्या वाटेवरचा, तोटा कळतो. तसेच धन बाजूने केले की फ्यूज, रिले आणि तारांचा कळतो.

एक सावधगिरी सांगतो. काही नव्या गाड्यांत पंखा स्वतःच्या नियंत्रण-पेटीतून चालतो आणि त्याचा वेग सतत बदलत असतो. अशा पंख्याला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहू नये. आपल्या गाडीचा पंखा साधा दोन तारांचा असेल तर ही अडचण नाही.

वंगण

दोन वेगांच्या पंख्याविषयी इथे नोंद करून ठेवतो, कारण हा धागा पुढे शोधत येणाऱ्याला ती लागू पडेल. अशा पंख्यात कमी वेगासाठी वीज एका रोधकातून जाते आणि तो रोधक जळतो. मग कमी वेग नाहीसा होतो आणि जास्त वेग तेवढा उरतो. तापमान बरेच चढेपर्यंत पंखा शांत असतो, नंतर एकदम जोराने सुरू होतो, तापमान घसरते, पंखा थांबतो, पुन्हा तेच. आलेखात काढले तर करवतीच्या दातांसारखी रेषा दिसेल. संथवाहिनी यांच्या आकड्यांत तसे नाही.

संथवाहिनी

मोजले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले आणि पंख्याच्या जोडावर केवळ १०.१. धन बाजूचा तोटा नगण्य निघाला. जवळजवळ सगळा तोटा ऋण बाजूला, म्हणजे अर्थिंगमध्ये होता. तारेचा माग काढत गेलो तेव्हा हेडलाइटच्या मागे, चॅसिसला बोल्टने लावलेली अर्थिंगची चकती हिरवट पडलेली आणि तिच्याजवळचे आवरण उष्णतेने करपलेले सापडले. पंखा चालू असताना तो जोड हाताला चांगलाच गरम लागत होता.

बोल्ट काढून चॅसिसवरचा रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत घासला, तारेचा करपलेला भाग कापून नवी चकती दाबून बसवली आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर दिला. आता पंख्यावर १३.५ व्होल्ट मिळतात. पंख्याचा आवाज पूर्वीपेक्षा उघडपणे वेगळा आहे. तो ९७ अंशांवर सुरू होतो, तापमान ९२ वर आणून बंद होतो. एसी लावून, भर दुपारी, रांगेत उभे राहूनही ते ९४ ते ९७ च्या मध्ये राहते आणि काटा मध्यावरून हलत नाही. मला झालेला आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे.

यंत्रवेध

फार समाधान वाटले. पुढे वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी स्पष्ट करतो. अशा मोटरचा वेग साधारणपणे व्होल्टेजबरोबर कमी होतो आणि हवेचे प्रमाण वेगाबरोबर. व्होल्टेज चौथ्या हिश्श्याने कमी झाल्यावर हवाही जवळपास तेवढीच घटते, आणि डोळ्यांना मात्र पंखा ‘फिरतो’ एवढेच दिसते. दुसरे म्हणजे, येथे दोष दोन होते आणि प्रत्येकाने तापमानाचा काही भाग वाढवला होता. फट साफ केल्यावर तापमान काही अंश उतरले, त्याच वेळी ‘आता चालेल’ म्हणून थांबता आले असते. आपण तसे थांबला नाहीत, याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण तो करपलेला जोड पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण तुटला असता आणि पंखा कोंडीच्या मध्यभागी बंद पडला असता.

सारथी

सविस्तर स्पष्टीकरणाबद्दल आभार. बायपासची बाजू मला माहीत नव्हती. एक विचारतो, असा दोष शोधून होईपर्यंत कोंडीत अडकलेच आणि काटा चढू लागला तर चालकाने काय करावे?

वंगण

सर्वप्रथम एसी बंद करावा. त्याने इंजिनवरचा भार आणि कंडेन्सरची उष्णता दोन्ही कमी होतात. त्यानंतर गाडीतील हीटर सर्वांत गरम स्थितीवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा. हीटरचा गाभा हा आकाराने लहान असलेला दुसरा रेडिएटरच आहे, त्यामुळे आतल्या लोकांना त्रास झाला तरी इंजिनला खरा आधार मिळतो. पुढच्या गाडीशी इंचाइंचाने सरकत राहण्यापेक्षा मध्ये अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. एवढे करूनही काटा लाल पट्ट्याकडे जात असेल किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी उभे राहून इंजिन बंद करावे. दोन किलोमीटर ‘कसेतरी’ जाण्याच्या आग्रहापायी अॅल्युमिनियमचे हेड वाकते.

झाकण गरम असताना उघडू नये, हे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते, पण त्यामागचे कारण समजले तर ते पाळले जाते. बहुतेक झाकणे यंत्रणेत वातावरणापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब राखतात, आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो आणि ११० अंशांवर शांत असलेले द्रव त्याच क्षणी उकळून बाहेर उसळते. वरचा होज हाताने सहज दाबता येईल इतका थंड होईपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

मार्गस्थ

माझ्या गाडीत आधीच्या मालकाने अनेक वर्षे नळाचे पाणी भरले होते. निरीक्षक यांनी सांगितल्याप्रमाणे मोजले तेव्हा रेडिएटरवर दोन रुंद थंड पट्टे सापडले. तो आता बदलून घेत आहे. नवे कूलंट भरताना काय लक्षात ठेवावे?

निरीक्षक

गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच कूलंट घ्यावे. रंगावरून प्रकार ठरवू नये, कारण रंगांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही आणि दोन उत्पादकांचे एकाच रंगाचे द्रव वेगळ्या रसायनांचे असू शकते; विसंगत प्रकार एकत्र झाले तर गंजरोधक द्रव्ये निकामी होतात आणि कधी गाळ तयार होतो. तीव्र कूलंट असेल तर त्यात तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळावे. नळाच्या पाण्यातील क्षार नव्या रेडिएटरचीही तीच अवस्था करतील. निव्वळ कूलंट अधिक चांगले, असे समजून ते पाण्याशिवाय भरू नये, कारण ग्लायकॉलची (कूलंटमधील मुख्य द्रवाची) उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते.

भरून झाल्यावर आत अडकलेली हवा काढणे हे सर्वांत जास्त दुर्लक्षित काम आहे. गाडीचा पुढचा भाग किंचित उंच ठेवावा, हीटर गरम स्थितीवर लावावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय द्रव येईपर्यंत तो उघडा ठेवावा आणि दोन्ही होज हलके दाबत राहावे. थर्मोस्टॅट उघडून पंखा किमान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे. हीटरमधून गरम हवा एकसारखी येत असेल तर आत हवा उरलेली नाही. ती मध्येच थंड होत असेल तर बुडबुडा अजून फिरतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा पाहावी, कारण पहिल्या रात्री ती थोडी उतरते आणि तेवढी भर घालावी लागते.